मावशींना सांगितलं नाही

वडील पावसाळ्यात गेले. त्या नाताळात जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आम्ही चांदणी लावली नाही. चर्चहून येऊन आईने आणि मी साधा वरणभात खाल्ला. जेवल्यावर आई अचानक म्हणाली, "मला बार्शीला घेऊन चल."

माझं लहानपण बार्शीत गेलं; वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते. आमचं भाड्याचं घर पाडून तिथे दुकानं झाली होती, पण शेजारच्या मावशी अजून तिथेच होत्या. दर नाताळला त्या आईबरोबर करंज्या करायला बसायच्या. आता त्यांना दिसत नव्हतं. आईला आवाजावरून ओळखून त्यांनी तिचे हात धरले आणि विचारलं, "गुरुजी न्हाय आले व्हय?"

मी मान खाली घातली. आई शांतपणे म्हणाली, "थंडी बाधते त्यांना. घरीच आहेत."

मावशींनी वडलांसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "त्यास्नी लई आवडती की," म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी चिडून विचारलं, "खोटं का बोललीस?"

"बाकी सगळ्यांना ठाऊक आहे," आई म्हणाली. "एका तरी घरात ते जिवंत असू देत."

माझा राग गेला नाही. महिन्याभराने मावशींचा फोन आला. गुरुजींशी दोन शब्द बोलायचे होते त्यांना. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"झोपलेत," मी म्हणाले.