आमची शुगर

घणसोली गावातल्या आमच्या घरमालकीण काकींना डायबेटिस होता, पण तो कायम काकांच्या नावावर. काकांचा रिपोर्ट चांगला आला की त्या जिना चढून मला सांगायला येत, "पोरी, आमची शुगर उतरली गो!" आणि त्या आनंदात दोन घास भात जास्त खात.

मी तिथे राहायला येण्याआधीच कधीतरी, गावातल्या फुकट तपासणीत काकींनाही शुगर निघाली होती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की डॉक्टरकडे जायचं काकांनी आणि गोळ्या घ्यायच्या दोघांनी. "दोघांना येकच बेमारी, मंग डाक्टरला दोनदा पैसं कनाला?" भाडं येत होतं, पण ते सगळं मुलाच्या धंद्याच्या कर्जात जाई.

डॉक्टर म्हणे मोठा होता. टॉवरमधलं एसी क्लिनिक, तासन् तास बसवायचं आणि रिपोर्टवरून मान वर न करता नवी महागडी गोळी लिहायची. गोळी महागली तशी काकी ती सुरीने मोडून अर्धी-अर्धी करू लागल्या. अर्धीने शुगर उतरेना, मग डॉक्टर आणखी महागडी देई. मी सांगून सांगून थकले. "तुजा काका जातो ना," एवढंच उत्तर मिळायचं.

काका हार्ट अटॅकने गेले. तेराव्यानंतर काकी त्यांचीच जुनी चिठ्ठी घेऊन स्टेशनजवळच्या मेडिकलवर गेल्या. मी सोबत होते. "काका बरे आहेत ना?" दुकानदाराने सहज विचारलं.

"बरं हायत," काकी म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मला म्हणतात, "खरा सांगला तर गोल्या देल का त्यो?" मला भर रस्त्यात रडू आलं.

मग एके दिवशी काकींनी चहा कपाच्या बाजूला ओतला, आणि ओततच राहिल्या. मी त्यांना जवळजवळ ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा गेल्यातच जमा होता, डावा वाचवायचा तर महागडी इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने खुर्ची पुढे ओढून विचारलं, "किती वर्षं झाली डायबेटिसला?"

काकी सावरून बसल्या. काकांना रबाळ्याच्या कंपनीत पहिली चक्कर आली तिथपासून सुरुवात केली. कुठली गोळी कधी बदलली, शुगर कुठल्या सणाला चढली, सगळं धडाधड सांगत सुटल्या.

"आजी, मी तुमचं विचारतेय."

काकी थांबल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मना कती वरसा झाली गो?"