रिकाम्या हातांचं चालणं

दारात उभं राहून ते आधी हात पुढे करायचे आणि मग बोलायचे. तळवा वर, बोटं जरा वाकवलेली, पिशवीचे बंद अडकवायला तयार. "काय न्यायचं हाय का?" सकाळी सातच्या सुमाराला आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर हा प्रश्न यायचा. भाजीवाला, दूधवाला काहीतरी द्यायला येतात. हे काका न्यायला यायचे, आणि काय न्यायचं ते आपण शोधून काढायचं.

आमची गल्ली कर्जतमधली, उल्हास नदीच्या पुलापासून फार लांब नाही. तिच्या अगदी टोकाला एका खोलीत ते एकटे राहायचे. बायको जाऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. मुलगा पनवेलला नोकरीला, त्यानेच ही खोली घेऊन दिली होती. मूळचे डोंगराखालच्या वाडीतले. उभी हयात माथेरानला हमाली केली. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, तिथून पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेलात पोचवायच्या, आणि संध्याकाळी डोंगर उतरून वाडीत परत. पाठ दुखायला लागली तेव्हा ते काम सुटलं, आणि पाठोपाठ मधुमेह जडला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं, की रोज सकाळी चाला, बसून राहिलात तर पाय गमावून बसाल. यावर काकांनी डॉक्टरांना विचारलं, "कुठं?" डॉक्टर म्हणाले, कुठेही. काका म्हणाले, "कुठंबी म्हंजे कुठं?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हा प्रसंग ते इतक्या वेळा सांगायचे की गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झाला होता. पण त्यातली अडचण खरी होती. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांचं ऐकून निघाले, तर पहिल्याच घरातून विचारणा झाली, कुठे निघालात काका? आपल्याकडे हे विचारतातच. त्यात चौकशी काही नसते, नमस्कारासारखंच ते. पण काकांना ते खरंच विचारल्यासारखं वाटलं आणि उत्तर सापडेना. हात लोंबकळत ठेवून, कामाशिवाय, कुठेही न जाणारा माणूस म्हणून आपण रस्त्यात उभे आहोत याची त्यांना भयंकर लाज वाटली. ते तसेच मागे फिरले.

मग त्यांनी तोड काढली. ओझं मागायचं. ओझं असलं की जाण्याला ठिकाण आलं, आणि ठिकाण आलं की पाय उचलतात. कोणाचं दळण, कोणाचे इस्त्रीचे कपडे, कोणाच्या माहेरी पुलापलीकडे द्यायचा डबा. चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. स्वतःविषयी त्यांचं मत स्वच्छ होतं. "मी लय आळशी माणूस हाय, ताई. डोक्यावर काय नसंल तर मी जागचा हालत नाय."

घोटाळेही करायचे. एकदा एका घरचं इडलीचं पीठ त्यांनी भलत्याच घरी पोचवलं. त्या बाईंनी, आलंच आहे तर, म्हणून इडल्या करून टाकल्या आणि काकांच्याच हाती मूळ घरी पाठवल्या. काका दोन फेऱ्या झाल्या म्हणून खूश. ज्या घरी खरोखर काही न्यायचं नसे, तिथले लोक काहीबाही काढून द्यायचे. जुनं वर्तमानपत्र, एखादं भांडं, पुलाजवळच्या बहिणीला द्या म्हणून. बहीण तेच भांडं दुसऱ्या दिवशी परत पाठवायची. काकांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. भांडं तेच आहे हे न समजण्याइतके काही ते भोळे नव्हते.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी खालापूरला एका कचेरीत कारकून आहे. एसटीने जाते, एसटीने येते. लग्न केलं नाही. आई बरीच वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं मी केलं, आणि ती गेल्यावर घरात माझ्याकडून कोणाचंच काही व्हायचं राहिलं नाही. वाटलं होतं, आता मोकळीक मिळेल. मिळाली ती नुसती मरगळ. संध्याकाळी घरी यायचं, पर्स खुर्चीत टाकायची, चहाबरोबर फरसाण खायचं आणि तेच जेवण समजायचं. टीव्ही चालू असायचा, बघत कोणी नसायचं. माझंही ब्लडप्रेशर निघालं होतं, मलाही चालायला सांगितलं होतं. मी चांगले महागाचे बूट आणले. ते खोक्यातच होते. गजर रोज लावत होते आणि रोज बंद करत होते. तुमच्यापैकी कोणी हे केलं असेल तर मला जास्त समजावून सांगायला नको.

काकांना मी देत असे ते ओझं म्हणजे फरसाण आणायची पिशवी. एकदा ती माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, "ताई, तुमच्या घरात भाजी कदी येत नाय का?" मी म्हटलं, एकटीसाठी कोण करत बसणार. त्यांनी मान डोलावली. त्यांच्याही खोलीतून फोडणीचा वास कधी आला नव्हता.

मग दिवाळीत मुलगा आला. नेमका त्या सकाळी काका कोणाचं तरी गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन गिरणीकडे निघाले होते. मुलाने रस्त्यातच पोतं उतरवून घेतलं. मग तो घरोघर आला. भांडला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या बॅगा वाहिल्या त्यांनी. आता नका हो त्यांना काम सांगू." त्याचंही खोटं नव्हतं. सगळी गल्ली ओशाळली. तेव्हापासून काका दारात आले की घरोघरी एकच उत्तर, राहू द्या काका, आता आराम करा. गोड आवाजात सांगायचे सगळे. मीही तसंच सांगितलं.

थोडे दिवस ते आले. मग येईनासे झाले.

खोलीच्या पायरीवर बसलेले दिसायचे. दाढी वाढलेली, पावलं सुजलेली. एसटीतून उतरून घरी जाताना मी रोज त्यांना पाहायची आणि रोज मला वाटायचं, थांबावं, चौकशी करावी. पण थांबायलाही अंगात काही असावं लागतं. त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला झापलं. प्रेशर वाढलं होतं. घरी येताना मला एकच चित्र दिसत होतं, आईच्याच खाटेवर पडलेली मी, आणि मला कूस बदलून द्यायला कोणी नाही. पायरीजवळ आले आणि चक्क काकांच्या शेजारी बसले.

मी म्हटलं, मलाही चालायला सांगितलंय. काकांनी मान वर केली. "कुठं?"

"कुठेही."

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत, कारण पाठोपाठ त्यांना खोकला लागला. ते उठा म्हणाले नाहीत आणि मीही उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दाढी केलेले काका. आज हात पुढे नव्हता. म्हणाले, "चला. तुमाला न्यायचं हाय."

मी झोपेतच होते. अंगात त्राण नाही, उद्या बघू, असं काहीतरी म्हणाले. "तुमी कशाला चालताय? नेतोय तर मी. तुमी नुसतं संगं या. पुलापतोर पोचवायचं आन् परत आनून द्यायचं." माझ्या बुटांची लेस बांधेपर्यंत माझा विचार बदलेल हे त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, बूट ऱ्हाऊ द्या, चपला घाला. खुंटीवरची पाण्याची बाटली त्यांनी स्वतःच खांद्याला अडकवली. तेवढ्या ओझ्याला मुलाची हरकत नसावी.

गल्लीत विचारणा झाली, कुठे निघालात काका? त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "ताईंना पोचवाय चाललोय."

पहिल्या दिवशी आम्ही पुलापर्यंत गेलोच नाही. अर्ध्यावर पिंपळाचा पार आहे, तिथे त्यांनी मला बसवलं आणि परत फिरवलं. मला अजून चालता आलं असतं. मी तसं म्हटलंही. त्यांचं म्हणणं असं, की डोंगर चढताना हमाल दमल्यावर बसत नाही, दमायच्या आधी बसतो. एकदा पुरता दमला की दुसऱ्या दिवशी डोंगराकडे बघवत नाही. पुढे बरेच दिवस ते मला पारापाशीच थांबवायचे आणि मी चिडायची. मी चिडावं असाच त्यांचा डाव होता की काय, देव जाणे. पूल आला त्या दिवशी मला दम लागला नव्हता, आणि आपण तिथे चालत आलो आहोत याचं मलाच नवल वाटत होतं.

काही सकाळी मी दारच उघडायची नाही. ते बाहेरून म्हणायचे, "बरं, मग आज कोपऱ्यापतोर." कोपऱ्यापर्यंत जाऊन आम्ही खरंच परत यायचो. त्यावर टोमणा नाही, उपदेश नाही. काल आला होतात मग आज का नाही, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

परत येताना त्यांचे हात शिवशिवायचे. मग मी पुलाजवळच्या बाईकडून भाजी घ्यायला लागले, मुख्यतः त्यांना पिशवी मिळावी म्हणून. भाजी घरात आली की करावी लागते. एकटीपुरती मेथी कशी करणार, म्हणून जास्त व्हायची, आणि वाटीभर त्यांच्याकडे जायची. असं करत माझ्या घरी पुन्हा संध्याकाळी भाकरी भाजली जाऊ लागली. प्रेशरचं म्हणाल तर ते पुष्कळ उतरलं. पण खरं सांगते, मला प्रेशरपेक्षा, सकाळी कोणीतरी आपल्याला न्यायला येणार आहे, याचं अप्रूप होतं.

पुलाच्या कठड्यापाशी बसलो असताना एकदा ते म्हणाले, "ताई, तुमी नसत्या तर मी बी निजूनच ऱ्हायलो असतो. म्या तुमाला आनतोय असं नाय काय." मी नदीकडे बघत बसले. ही गोष्ट दोघांनाही आधीच माहीत होती.

पुढच्या वर्षी त्यांच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. मुलगा येऊन त्यांना पनवेलला घेऊन गेला. याही वेळी त्याचंच बरोबर होतं. तिथे दवाखाना जवळ, सून काळजी घेणारी. जाताना काकांनी मला बजावलं, की पुलावर पोचलात की फोन करायचा. मुलाने त्यांच्या मोबाइलचा नंबर लिहून दिला.

मी रोज फोन करायची. एक रिंग वाजते न वाजते तोच ते उचलायचे. "पोचल्या?" मी म्हणायची, पोचले. "बसा वाईच. मग निगा." बस, एवढंच. कधी कधी मी विचारायची, तुम्ही चालता की नाही? तर म्हणायचे, तुमी निगाल्या असाल तवा मी बी गॅलरीत उभा ऱ्हातो, तुमी पोचंपतोर. चौदाव्या मजल्यावरची ती गॅलरी. एकदा खाली उतरून बिल्डिंगच्या आवारात फिरून आले म्हणाले. कसं वाटलं, असं मी विचारलं. म्हणाले, "हितं कोन इचारतच नाय, ताई. कुठं चाललाय म्हनून."

उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, असं मुलाने कळवलं. मी पनवेलला जाऊन आले. सुनेने चहा दिला, गॅलरी दाखवली. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची होती, पण ते तिच्यावर कधी बसत नसत असं ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवस मी निघालेच नाही. दार वाजत नव्हतं, आणि मला स्वतःला उठवण्याची सवय अशी कधी लागलीच नव्हती. संध्याकाळी पुन्हा टीव्ही लागला. फरसाणही आलं. घरात इतकी शांतता होती, की एका सकाळी ती सहन न होऊन मी चपला घातल्या. पाराजवळ थोडी बसले, मग पुढे गेले.

पुलावर पोचले, फोन काढला आणि नंबर लावला. लावल्यावर भानावर आले, पण तोवर पलीकडून उचलला गेला होता. मुलगा होता, काकांचा फोन आता त्याच्याकडे होता. नदीत म्हशी उतरल्या होत्या, त्यांचा आवाज त्याला ऐकू येत असेल.

मग त्याने अगदी हळू विचारलं, "पोचलात का ताई?"

"पोचले," मी म्हटलं.

पुढचं वाक्य त्याला माहीत नव्हतं. मी फोन ठेवला, जराशी बसले, आणि मग परत निघाले.