ओढ्यापलीकडची तेवीस घरं

मधुकर ढगे गेल्याची बातमी मला त्याच्या घरून कळली नाही, कॉम्प्युटरच्या क्लासमधून कळली. सकाळी साडेदहाच्या सुमाराला शेजारच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. पलीकडे क्लास चालवणाऱ्या सुरेखाताई होत्या. "सर, काका गेले," त्या म्हणाल्या. पहाटे छातीत दुखलं, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मधू रोज दहाच्या ठोक्याला क्लासमध्ये हजर असायचा. सव्वादहा झाले तरी आला नाही म्हणून त्यांनी त्याच्या घरी फोन लावला, तेव्हा त्यांना कळलं. घरच्यांना मला कळवायचं सुचलं नाही याचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. आमचं येणंजाणं एकमेकांच्या घरी फारसं नव्हतंच. लहानपणी शाळेतला एक बाक आणि म्हातारपणी त्या क्लासमधला एक पडदा, एवढीच आमची जागा.

आमचं गाव उंबरखडक. पारनेर आणि राहुरीच्या मधल्या डोंगरांत होतं. होतं म्हणायचं, कारण सत्तरच्या आसपास ते धरणात गेलं. मधू गावातल्या शेतकऱ्याचा, पंचवीस एकरवाल्या ढग्यांचा मुलगा; वडिलांना तो दादा म्हणायचा. मी ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. माझ्या वडिलांनी छप्पन साली आमच्या तेवीस घरांबरोबर बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी मॅट्रिकला होतो. मधूही. परीक्षेसाठी आम्ही दोघं पारनेरला चालत जायचो. तो वाटेने पावलं मोजायचा आणि मी पाठांतर म्हणायचो. पुढे मी प्राथमिक शिक्षक झालो आणि तो सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक. जमिनी मोजायच्या, हद्दी कायम करायच्या, नकाशे काढायचे, यात त्याची सगळी नोकरी गेली. धरणानं गाव उठलं तेव्हा ढग्यांना आणि बऱ्याच जणांना नेवाशाकडं कालव्याखाली जमिनी मिळाल्या. आमची माणसं काही तिकडं गेली, काही श्रीरामपूरला, काही भोसरीला कारखान्यांत. आईला घेऊन मी नगरला आलो. तेव्हापासून पंचवीस-सव्वीस वर्षांत मधूची आणि माझी गाठ पडली असेल ती चार-पाच वेळा, तीही स्टँडवर, उभ्या उभ्या.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस तो स्कूटरवरून शाळेत मला शोधत आला. नुकताच रिटायर झाला होता. मला निवृत्तीला तीन महिने होते. "रतन, चल माझ्याबरोबर, तुला गाव दाखवतो," म्हणाला. मला वाटलं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर देवळाचा कळस दिसतो म्हणतात, तो दाखवायला नेतोय. त्यानं स्कूटर थांबवली ती सावेडीतल्या एका दुमजली इमारतीपाशी. वर कॉम्प्युटरचा क्लास. त्या वर्षी नगरमध्ये असे क्लास गल्लोगल्ली निघत होते. विशीतल्या मुलामुलींच्या रांगेत शेवटच्या मशीनवर हा साठीचा गृहस्थ बसला आणि त्यानं पडद्यावर उंबरखडकचा नकाशा उघडला. स्वतः हातानं काढलेला, नदी, बारव, वेस, प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक घर असलेला. मग त्यानं माऊसचा बाण मारुतीच्या देवळावर नेला, टिचकी मारली, आणि पडद्यावर हळूहळू, वरून खाली, एकेक पट्टी उमटत देवळाचा फोटो आला. पायरीवर पोरं बसलेली. मी खुर्चीचा हात धरला... पंचवीस-सव्वीस वर्षांनी मी ते देऊळ पाहत होतो.

गाव उठायच्या आधी त्यानं रजा काढून, एका फोटोग्राफरचा कॅमेरा मागून आणून चार दिवस सगळं गाव टिपलं होतं. मला याचा पत्ता नव्हता, मी तेव्हा शेवगावकडच्या एका शाळेवर होतो. ते फोटो इतकी वर्षं पत्र्याच्या डब्यात पडून होते. निवृत्तीनंतर सुरेखाताईंनी त्याला शिकवलं की फोटो स्कॅन करता येतात, आणि इंटरनेटची पानं ज्या ब्राउझरमध्ये बघतात त्यातच, इंटरनेट नसलं तरी, आपली पानं बघता येतात. नकाशातल्या कुठल्या ठिकाणी टिचकी मारली की कुठलं पान उघडायचं, ते आकड्यांत लिहून द्यावं लागतं. हे कळल्यावर तो हरखलाच. "म्हणजे ही मोजणीच की, रतन. फक्त मोजणीची साखळी ओढायला लागत नाही." शाळा उघडली, चावडी उघडली, बारवेवर पाणी भरणाऱ्या बाया उघडल्या. मी एकेक बघत होतो आणि माझे डोळे आपोआप पडद्याच्या उजव्या कडेला जात होते. तिथं ओढ्याची निळी रेघ होती. रेघेपलीकडे काही नव्हतं. कागद तिथंच संपला होता.

"आणि आमची वस्ती, मधू?" मी विचारलं.

तो माऊस हलवत राहिला. "गावठाणाच्या मूळ नकाशात ती नव्हती. आणि फोटो म्हणशील तर... रोल संपला होता."

मी बरं म्हणालो. चहा झाला. जिना उतरलो आणि त्याला स्कूटर काढू न देता चालत घरी गेलो. राग आला होता का? आता आठवू पाहतो तर राग आठवत नाही, थकवा आठवतो. इतक्या वर्षांनी, इतकं शिकूनसवरून, परत त्याच ओढ्याच्या काठावर येऊन उभं राहायचं... पुढचे चार महिने मी तिकडं फिरकलो नाही. त्याचे दोन निरोप आले, मी उत्तर दिलं नाही.

मग एका दुपारी तो घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरी. काखेत गुंडाळलेला मोठा ड्रॉइंग कागद. माझ्याशी फार बोलला नाही, आईसमोर जाऊन सतरंजीवर बसला. आई तेव्हा ऐंशीची होती, नजर अधू पण बोलणं खणखणीत. त्यानं कागद पसरला. त्यावर ओढा होता आणि ओढ्यापलीकडे मोकळी जागा.

"मावशी," तो म्हणाला, "मला तुमची घरं सांगा. कुठं कुठलं होतं ते."

लहानपणी तो आईला मावशी म्हणत नसे. ढग्यांच्या घरात आईला सगळे, पोरंसुद्धा, नावानं हाक मारायचे. आईनं कागदावर बोट टेकवलं. "हितं आमचं. न्हाई, आजून खाली घे. ओढ्याला लई जवळ हुतं. पावसाळ्यात पानी उंबऱ्याला लागायचं." तो पेन्सिलनं खूण करायचा, विचारायचा, "चिंचेपासून किती पावलं?" आई डोळे मिटून सांगायची. दोन तास असं चाललं. तेवीस घरं झाली, घरातल्या माणसांची नावं झाली. कोण कुणाची लेक, कुणाची शेळी कुठं बांधलेली असायची, इथपर्यंत.

कागद गुंडाळताना तो थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "रतन, रोल संपला नव्हता. चौदा फोटो शिल्लक होते. दादा म्हणाले, तिकडं काय काढायचंय? मी माघारी फिरलो." मग जरा वेळानं, "दादांचं नाव उगीच घेतो. ते म्हणाले नसते तरी मी आलो असतो का... सांगता येत नाही."

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडं बघायला लागलो. आईनं हे मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"फोटूवाला येनार म्हनून आमी पोरांस्नी आंगुळ्या घातल्या हुत्या. बाया ठेवनीतली लुगडी नेसून दारात उभ्या. मी ओढ्यावर पानी भराया गेल्ते. तू पल्याड आला, कॅमेरा गळ्यात हुता. हिकडं बघितलं न् माघारी गेला. मी घरी यिऊन सांगितलं, आज न्हाई यायचा, उद्या यील. दुसऱ्या दिशी बी बाया तयार हुत्या."

मधू मान खाली घालून बसला होता. आई त्याला "जाऊ दे" म्हणाली नाही, "असू दे" म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "आता शोध. कुनाकडं काय आसंल तर बघ."

पुढचं दीड वर्ष तो तेच करत होता. बहुतेक वेळा मी बरोबर असायचो. एसटीनं नेवासा, श्रीरामपूर, एकदा भोसरी. फोटो असणार तरी कुणाकडं? तेवीस घरांत मिळून कुणाकडं स्वतःचा कॅमेरा नव्हता. कुणाच्या लग्नाचा एखादा, त्यात मागं भिंतीचा तुकडा. कुणाचा दाराशी उभा असताना शहरातल्या नातेवाइकानं काढलेला. मधू तो तुकडासुद्धा भिंगातून बघायचा आणि आनंदानं सांगायचा, "हे बघ, कोनाडा दिसतोय." नेवाशाकडच्या वसाहतीत सखारामबाबा म्हणून आमच्या भावकीतले म्हातारे होते. ते आम्हांला बसा म्हणाले नाहीत.

"तवा कुठं गेल्ता रं फोटू काढायला? आता आमची घरं पान्यात गेली न् तुला त्यांचा पुळका आला व्हय?"

मला वाटलं, मधू आता सगळं समजावून सांगत बसेल. तो उन्हात तसाच उभा राहिला. "चुकलो बाबा," म्हणाला. "तेव्हा यायला पाहिजे होतं." बाबा आत निघून गेले. आम्ही लिंबाच्या सावलीत बराच वेळ बसलो, बसला उशीर होता. शेवटी त्यांची सून एक फोटो घेऊन आली. बाबांच्या मोठ्या मुलाचा, तो लहान असताना अंगणात उभा असलेला. "मामांनीच दिला," म्हणाली. "म्हनले, नीट परत आना." मधूनं तो रुमालात गुंडाळून मांडीवर धरून नगरपर्यंत आणला आणि स्कॅन करून तिसऱ्या दिवशी स्वतः परत देऊन आला. त्या दिवशी बाबांनी त्याला पाणी विचारलं, असं तो मला म्हणाला. एवढंच सांगितलं.

हा प्रवास त्याच्या तब्येतीला झेपत नव्हता, हे आता कळतं. जिना चढताना तो मधे थांबायचा, कठड्याला धरून काहीतरी बोलणं काढायचा, म्हणजे आपण दमलोय हे दिसू नये. मीही दमलो होतो. एकदोनदा म्हणालो, "मधू, पुरे आता. सतरा घरं झाली." तो म्हणाला, "सहा राहिलीत." मला खरं सांगायचं तर कधीकधी त्याचा कंटाळा यायचा. त्याला जे फेडायचं होतं ते फेडायला मी का हिंडावं, असं वाटायचं. पण रविवारी आमची माणसं क्लासमध्ये येऊन बसायची, कुणी भोसरीहून, कुणी श्रीरामपूरहून. सुरेखाताई त्यांच्यासाठी एक मशीन मोकळं ठेवायच्या. म्हातारी माणसं आधी पडद्याला हात लावायला बिचकायची, मग हळूच काचेवर बोट फिरवत ओढा ओलांडायची... ते बघितलं की सोमवारी मी पुन्हा पिशवी भरायचो.

तो गेल्यावर दहावा झाला आणि मी क्लासमध्ये गेलो. सुरेखाताईंनी त्याचं मशीन लावून दिलं. पहिल्यांदाच मी माऊस स्वतः हातात घेतला होता. वेशीतून आत आलो, देवळावरून वळलो आणि ढग्यांच्या घरावर टिचकी मारली. काहीच झालं नाही. परत मारली. नकाशा तसाच. मला वाटलं माझा हात चुकतोय.

"तिथं पान नाहीये, सर," सुरेखाताई म्हणाल्या. "पूर्वी होतं. तुमच्या आईंना भेटून आले त्याच आठवड्यात काकांनी ते काढून टाकायला लावलं."

दोन दिवसांनी मी मधूच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. मी काही विचारायच्या आत त्यांनी कपाटातून एक खाकी पाकीट आणून माझ्यापुढं ठेवलं. आत तीन फोटो. ढग्यांचं घर, दारात त्याची आई, ओट्यावर बसलेले दादा. पाकिटावर मोजणीच्या कागदांवर लिहितात तशा त्याच्या रेखीव अक्षरांत दोनच शब्द होते... सर्वांत शेवटी. "पलीकडची तेवीस झाली की मग आपलं, असं म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, तुमच्या आईनं काय केलंय? तरी ऐकलं नाही त्यांनी. आता तुम्हीच लावून टाका, भाऊजी. सगळं गाव दिसतं आणि ह्यांचंच घर दिसत नाही."

पाकीट मी घरी आणलं. स्कॅनर कसा चालवायचा ते सुरेखाताईंकडून शिकलो, माझ्या जाड बोटांना ते अवघड जातं पण जमतं. गेल्या आठवड्यात श्रीरामपूरहून एक फोटो मिळाला, अठरावं घर झालं. पाच राहिली आहेत. त्यांतल्या दोन घरांच्या माणसांचा तर पत्ताच लागत नाही. आई आता उठून बसत नाही, अधूनमधून विचारते, "किती झाली?" मी सांगतो. गुडघे दुखतात, एसटीत उभं राहवत नाही. पाकीट उघडून ते तीन फोटो लावून टाकायला अर्धा तासही लागणार नाही. तरी मी ते लावलेले नाहीत. त्याच्या शब्दाखातर की माझ्या आत अजून काही शिल्लक आहे म्हणून, हे मला नीट सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

परवा वहिनी बाजारात भेटल्या. "लावलं का?" त्यांनी विचारलं.

"पाच घरं राहिलीत, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्या निघाल्या. पाकीट त्यांनी परत मागितलं नाही.