शेजारच्या टीव्हीवरचं नाव
जुन्या कॉम्प्युटरवरची धूळ तापल्याचा वास आला, की हिंगोलीतला नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो. कॉम्प्युटर टीव्हीला जोडताना मी अँटेनाची वायर तशीच ठेवली होती. चित्र त्या वायरीतून छपरावर चढून शेजारी उतरतं, हे कुणाला ठाऊक! मी शेजारच्या मुलीचं नाव टाइप केलं आणि ते पडदाभर धावू लागलं. तोच तिचे धिप्पाड वडील दारात! "आमच्या टीव्हीवर पोरीचं नाव येऊन राहिलं! सगळी गल्ली बघून राहिली. दिल्लीच्या दूरदर्शनवाल्याला कसं काय माहीत तिचं नाव?" पडदा पाठीमागे झाकून मी हळूच प्लग उपटला. लगेच त्यांच्या घरातून आरोळी आली, "गेलं, गेलं नाव!" काका माझ्या हातातल्या वायरकडे बघू लागले. वाय-फायला पासवर्ड कशाला, असं आज कुणी विचारलं, की मला ते डोळे दिसतात.