कुशीवर निजलेली

मी चौथी नापास. पण बहरीनची माती माझ्याइतकी कोणी उकरली असेल, तर त्यानं पुढं यावं.

आधी मी एका विद्यापीठाच्या लोकांकडे खोदाईला होतो. ते हिवाळ्यात यायचे. एकाच थडग्यापाशी बसून कुंचल्यानं धूळ झाडायची, दगडाचं चित्र काढायचं, त्याच दगडावरून वाद घालायचा. उरलं ते वाळूनं झाकून पुढच्या हिवाळ्यात परत उघडायचं. मग मी कंपनीत लागलो. कंपनीचं काम वेगळं. रस्ता येणार, त्याआधी टेकाडातली जुनी थडगी उघडा, मोजा, फोटो काढा, उचला. वर डांबर. खलास.

सखीरच्या बाजूला असंच एक टेकाड होतं. फरशी सरकवण्याआधी मी आमच्या कोकणातल्यासारखं गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, तू कोण कुठला आम्हांस ठाऊक नाय. तुझ्या घरात पाय ठेवतो, सांभाळून घे."

"व्हय महाराजा!" पाण्याच्या टँकरवरचा मालवणी मागून म्हणाला.

फोरमन हसला. "चाचा, मुर्दे से वीजा मांग रहे हो क्या?"

फरशी सरकली. आत कुशीवर निजलेली एक बाई. हाडंच, पण निजलेली. छातीशी तान्हं मूल, त्याच्या डोक्याखाली तिचा हात. हजारो वर्षांत तिनं तो हात काढला नव्हता. आमच्याकडं बाळ बघायला माणसं पाळण्याशी येतात तसे आम्ही वाकून बघत राहिलो.

फोरमन आधी सावरला. "दोनों को अलग थैली में डालो. शाम को रोलर आएगा."

खोदाईवर देखरेख ठेवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "नहीं. मिट्टी के साथ, एकसाथ उठेगा."

"मॅडम, टाइम मफी!" वेळच नाही, असं फोरमननं इथल्या अरबी-हिंदीत सुनावलं.

काम अडवायला मी शेजारी उभ्या जेसीबीची चावी काढून खिशात टाकली.

"चाचा, नौकरी जाएगी."

"जाने दो. माँ-बच्चा साथ में जाएगा."

विद्यापीठवाल्यांचं चुकलं तर त्यांना पुढचा हिवाळा होता. इथं आम्ही बघू तेवढंच. आमच्यामागून बघायला काही उरणार नव्हतं. म्हणून मी अडून बसलो, आणि आजही बसेन.

फोरमननं ऑफिसला फोन लावला, शिव्या खाल्ल्या, आम्हाला दिल्या, आणि शेवटी स्वतःच फळ्या घेऊन आला. मॅडमनी मोडक्या पायाला करतात तसं भोवतीच्या मातीला प्लास्टर केलं. खालून फळ्या सारून आम्ही श्वास रोखून उचललं. मूल हललं नाही. हातही नाही.

फळ्या गाडीत चढवल्या. गाडी सुरू झाली तसा फोरमन ड्रायव्हरच्या अंगावर ओरडला, "अरे, आहिस्ता चला! बच्चा है पीछे!"