रिकामी गिरणी

कर्जतच्या कॉलेजात मी शिकवते आणि बायकांवर होणाऱ्या अत्याचारांवर मुलींकडून पथनाट्यं बसवून घेते. ज्या गावात प्रयोग, तिथल्या बायकांशी आधी बोलायचं आणि त्यांच्या बोलण्यातला एखादा प्रसंग नाटकात घ्यायचा, ही आमची रीत. नाव बदललं की झालं, असं मला वाटायचं. शहाणपणा सगळा माझाच.

मिरजगावजवळच्या एका गावात हळदीकुंकवाला एक बाई माझ्या शेजारी बसली. नवऱ्याची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच.

"मारायचं असलं की गिरणी चालू करतोय," वाण पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली. "दळान नसलं तरीबी. मग माजा आवाज भाईर जात न्हाई."

कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली नाही. ते सांगावं लागेल असं तिला वाटलंच नसावं. मला मात्र नाटक सापडलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला.

प्रयोग देवळापुढे झाला. आधी सत्कार. माइकला वीज गिरणीवाल्याने दिलेली, म्हणून शाल-नारळ त्यालाही. मग आमचं नाटक. बाईचं नाव वेगळं, नवरा दारुडा केलेला, गावही भलतंच. पण नवरा झालेल्या मुलीने स्टार्टर दाबल्यासारखं केलं आणि बाकीच्या चौघींनी तोंडाने रिकाम्या गिरणीची घरघर सुरू केली, तेव्हा बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. एकेक मान मागे वळली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. गिरणी रिकामी का चालते, ते गावाला आधीच ठाऊक होतं. तिने ते बाहेर सांगितलं, हे त्या दिवशी कळलं.

तो शाल पांघरून बसला होता. टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ त्यानेच वाजवल्या.

प्रयोग संपल्यावर ती आमच्या जीपपाशी आली. "मी तुमाला सांगितलं हुतं, मॅडम," एवढंच म्हणाली.

"चला माझ्याबरोबर. आत्ता."

"पोरगी घरी हाय."

"तिलाही घेऊ," मी म्हणेपर्यंत तो मागून आला, त्याने तिच्या दंडाला धरलं आणि हसून म्हणाला, "पाव्हन्यांना उशीर हुतोय." पुढच्या गावात प्रयोग होता, मुली जीपमध्ये बसल्या होत्या. मी पण बसले. मला कुणी ढकललं नव्हतं, माझी मी बसले. याची शरम अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर घराला कुलूप. ती माहेरी गेली म्हणे. कुठलं माहेर, कुणी सांगेना. पुढे पोलिसांत अर्ज दिले, खेटे घातले, उत्तर तेच. वर्ष होत आलं. ती आणि तिची पोर कुठे आहेत, मला माहीत नाही. गावात आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कुलूप पाहून निघाले तेव्हा शेजारच्या बाईने मला हाक मारली. हळदीकुंकवाला तीही माझ्याशी मोकळेपणाने बोलली होती. दार अर्धवट लोटून ती म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी जे बोलले, त्ये कुटं घालू नका."

"नाही घालणार," मी म्हणाले.

दार धरलेल्या तिच्या हाताच्या मनगटावर ताजा वळ होता. मी काही विचारलं नाही.