मोहनरावांचा नवाब

परळीच्या थर्मल वीजकेंद्रात मोहनरावांची सगळी नोकरी बॉयलरजवळ गेली. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातवारे करतात नाहीतर गप्प बसतात. मोहनराव गप्प बसायला शिकले आणि ती सवय घरातही आली. रोहिणीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हाक मारली की ते "आलो, आलो" एवढंच म्हणायचे आणि बराच वेळ यायचे नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांच्या मनात पोपट पाळायचं आलं. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना हवा होता परदेशी मकाव. निळ्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, शेपटी धरून जवळजवळ दोन हात लांब. पुण्यात असे पक्षी वाढवणारा एक जण होता. त्याच्याकडे ते आश्रुबाला घेऊन गेले. आश्रुबा त्यांच्याच पाळीत काम करणारा, वयानं बराच लहान आणि त्यांचा एकुलता एक मित्र.

पक्षीवाल्यानं अंगावर पुरती पिसंही न आलेलं पिल्लू पुढं केलं. "हे न्या काका. तुमच्या हातानं भरवलंत तर जास्त लळा लागेल."

"न्हाई," मोहनराव म्हणाले. "आधी त्याला सोताचं सोता खाऊ द्या. माज्या लळ्यासाठी त्याला आत्ताच आईपासून तोडायचं हाय का?"

मग त्यांनी एक मोठा, स्वतः खाणारा पक्षी निवडला. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, पिसं चकचकीत. फक्त डाव्या पायाचं एक नख मुळापासून गेलेलं, त्यामुळं त्याला कुणी घेत नव्हतं. पक्षीवाल्यानं निघताना विचारलं, "काका, राग मानू नका, पण हा पन्नास-साठ वर्षं जगतो. तुमच्यानंतर कोण?"

मोहनरावांच्या आधी आश्रुबाच बोलला, "मी हाय की! माज्याकडं राहील. जबान दिली."

पक्ष्याचं नाव ठेवलं नवाब. त्याच्यासाठी मोहनरावांनी मागची खोली रिकामी केली आणि जाड सळयांचा, माणूस उभा राहील एवढा पिंजरा वेल्डिंग करून घेतला. तो पिंजरा नुसता झोपायला, दिवसभर नवाब मोकळाच. सकाळी भिजवलेले हरभरे, मक्याचं कणीस, पेरू, डाळिंब. मीठ, चहा, तळलेलं काही नाही. चोचीला चावायला रोज कडुनिंबाच्या फांद्या. पण परळीत पानापानावर राख बसलेली असते, म्हणून ते प्रत्येक फांदी बादलीत बुडवून धुवायचे. उन्हाळ्यात फवारणीच्या नव्याकोऱ्या पंपानं त्याला आंघोळ घालायचे. अंधार पडला की खोलीचा दिवा बंद आणि घरात टीव्हीसुद्धा बारीक.

आणि मोहनराव बोलायला लागले. फांद्या धुताना, पिंजरा पुसताना, सतत. बॉयलरच्या गोष्टी, लहानपणच्या गोष्टी. रोहिणीबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. त्यातल्या कितीतरी गोष्टी त्यांना पहिल्यांदाच कळत होत्या.

तिसऱ्या वर्षी नवाबनं रोहिणीबाईंच्या अंगठ्याला चावा घेतला. त्या पाण्याचं भांडं बदलत होत्या. चोच हाडापर्यंत गेली आणि टाके पडले. मोहनराव धावत आले आणि म्हणाले, "तू एकदम हात घातला असशील. भ्याला असंल तो." मग रक्त पुसायला फडकं आणलं. रोहिणीबाईंनी ते स्वतःच अंगठ्याला गुंडाळलं.

पुढच्या पावसाळ्यात मोहनरावांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करावी लागली. दवाखाना संभाजीनगरला आणि नंतरचा आराम पुण्याला मुलाकडे, सुरजकडे. रोहिणीबाई त्यांच्याबरोबर गेल्या. किल्ल्या आश्रुबाकडे दिल्या. ऑपरेशनला नेताना मोहनराव फोनवर त्याला सांगत होते, "त्याच्याशी बोलत जा बे. नुसतं खायला टाकून जाऊ नको."

"तुमी जीव सांभाळा, दादा. नवाबची काळजी सोडा."

पुण्यात असतानाच आश्रुबाचा फोन आला. नवाब गेला. खाणं टाकलं होतं, छातीची पिसं उपटून काढली होती, सकाळी पाहिलं तर खाली पडलेला. "अंगणात कडुनिंबाखाली पुरला, दादा," आश्रुबा म्हणाला आणि रडला. मोहनरावांना टाक्यांमुळं मोठ्यानं रडता येईना. छातीवर उशी दाबून ते बसून राहिले. रोहिणीबाई शेजारी होत्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

परळीला आल्यावर मोहनराव आधी कडुनिंबाखाली गेले. ताजी उकरलेली माती होती, वर चार दगड रचलेले. त्यांनी तिथं तुळस लावली आणि तिला रोज पाणी घालू लागले. आश्रुबा यायचा, शेजारी उभा राहायचा, कधी तांब्या भरून द्यायचा.

दीड वर्षानं, जानेवारीत, थर्मलच्या रिटायर लोकांनी हुरडा पार्टी ठरवली. माजलगावजवळ, धरणाच्या बाजूला, सत्यभामाबाई नावाच्या एका बागायतदारिणीच्या मळ्यात. आश्रुबाचंही नाव होतं. पण जागा ठरली तसं त्याचं पोट बिघडलं.

आगटीत कणसं भाजत होती. माणसं गूळ आणि दाण्याची चटणी घेऊन गोल बसली होती. मोहनराव हात धुवायला विहिरीकडे गेले आणि चिंचेच्या झाडामागून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"आलो, आलो."

जाळीची मोठी खोली होती. आत दोन मकाव. मोहनराव जाळीला चिकटून उभे राहिले. त्यांनी आधी बोलणाऱ्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. एक नख नव्हतं. ते खालीच बसले.

सत्यभामाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "काय झालं, दादा? चक्कर आली का?"

"ह्यो पक्षी कुठून आणला, ताई?"

"परळीचा हाय. आमची मादी एकटी होती, जोडीदार शोधत होतो. आश्रुबा नावाचे एक जण घेऊन आले. मालक आजारी हाय म्हनले. मालकीणबाई सोता सोबत होत्या. त्याला आत सोडला आन् त्या बाई लई रडल्या, दादा. तुमी वळखता का त्यान्ला?"

मोहनरावांनी मान हलवली. ओळखतो म्हणून की नाही म्हणून, ते सत्यभामाबाईंना कळलं नाही.

पुण्यात असताना रोहिणीबाई एकदा कपडे आणायला म्हणून दोन दिवस परळीला आल्या होत्या, ते मोहनरावांना परतीच्या जीपमध्ये आठवलं. आश्रुबाचा फोन त्यानंतरच आला होता. म्हणजे पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

घरी आल्यावर ते चपला न काढताच म्हणाले, "नवाब माजलगावला हाय."

रोहिणीबाईंच्या हातात पोळपाट होता. तो त्यांनी ओट्यावर ठेवला. "हाय," त्या म्हणाल्या.

"मला मेला म्हनून सांगितलंस."

"जिवंत हाय म्हनलं असतं तर टाक्यांसकट उठून आणायला गेला असता तुमी. तो इथं एकटा वरडून वरडून मरायला लागला होता. आश्रुबा भाऊजी रोज फोन करायचे. डॉक्टर म्हनले, सहा म्हयने जड उचलायचं न्हाई. काय करायचं होतं मी?"

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं. तुमी काय बोलला असता, ते मला ठाव होतं." मग खाली बघत त्या म्हणाल्या, "आन् खरं सांगू? मला तो नकोच होता. माजा अंगठा फुटला तवा तुमी पयलं त्याला काय झालं ते बघितलं. इतकी वर्सं मी तुमच्याशी एकटीच बोलत आले. त्याच्याशी मात्र तुमी दिवसभर बोलायचे. तो गेल्यावर मला बरं वाटलं. रडले ते खरं, पण बरं बी वाटलं."

अंगठ्याचं मोहनराव विसरले होते. पण तिच्या बोलण्यानं राग कमी झाला नाही. उलट, रागावायची मोकळीकसुद्धा आपल्याला ठेवली नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा स्वतःच आला आणि ओसरीत उभा राहिला. "शिव्या द्या, दादा. वैनींनी मला गळ घातली. मी न्हाई म्हनू शकलो न्हाई."

"दिलास ते दिलास," मोहनराव म्हणाले. "पण माती कावून उकरलीस बे? दगड कावून रचलेस? मी त्या रिकाम्या मातीला पाणी घालत होतो आन् तू तांब्या भरून देत होतास. तवा तुला हसू आलं का रडू?"

आश्रुबा काहीतरी बोलायला गेला, पण मोहनराव आत निघून गेले होते.

आठवड्यानं ते नवाबला आणायला टेम्पोत पिंजरा घालून माजलगावला गेले. सत्यभामाबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या ओशाळल्या आणि लगेच कुलूप काढून बाजूला झाल्या. नवाब हाक मारल्यावर आला, दंडावर बसला, शर्टाचं बटण चोचीनं ओढून पाहिलं. छातीवर पिसं दाट आली होती. थोड्या वेळानं मादी वरच्या फांदीवरून ओरडली. नवाब तिच्याकडे उडाला आणि डोकं झुकवून बसला. ती त्याच्या मानेची पिसं साफ करू लागली. मोहनरावांनी आणखी दोनदा हाक मारली. तो आला नाही.

"नेत न्हाई का, दादा?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"त्याला खारे दाणे देऊ नका," मोहनराव म्हणाले. टेम्पो रिकामा पिंजरा घेऊन परतला. वाटेत ड्रायव्हरनं गाणी लावली होती, ती त्यांनी बंद करायला सांगितली.

रोहिणीबाईंशी ते आता बोलतात. भाजी काय आणू, सुरजचा फोन आला होता, एवढं तरी. कधी त्याहून जास्त. मागच्या वैशाखात आश्रुबाच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका घेऊन आश्रुबाची बायको आली होती. मोहनराव रोहिणीबाईंना घेऊन गेले, अक्षता टाकल्या, नवरीच्या हातात आहेर दिला, पंगतीत जेवले. मांडवाच्या तोंडाशी आश्रुबा फेटा बांधून, हात जोडून पाहुण्यांना निरोप देत उभा होता. रोहिणीबाई त्याच्याशी बोलायला थांबल्या. मोहनराव दुसऱ्या बाजूची कनात उचलून वाकले आणि बाहेर पडले.